बदक फ्लॅटमध्ये पाळता येईल का? (दोन पिल्ले, दुसरा मजला, रत्नागिरी)

मांडवीकाठ | १८ मे, सकाळी १०.२०

नमस्कार. आमचा रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट असून त्याला साधारण चार बाय नऊ फुटांची गॅलरी आहे. बारा दिवसांपूर्वी माझ्या यजमानांनी आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी आठवडी बाजारातून बदकाची दोन पिल्ले आणली. विकणाऱ्याने ‘यांना काही लागत नाही, कण्या टाका, टबात पाणी ठेवा, घरभर फिरतील’ असे सांगितले, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. मुलीने त्यांची नावे जाई आणि जुई ठेवली आहेत. सध्या ती न्हाणीघरात पुठ्ठ्याच्या खोक्यात राहतात. खोके रोज बदलावे लागते आणि तरीही सायंकाळपर्यंत त्याचा तळ ओला होऊन फाटतो.

सासूबाईंचे म्हणणे असे की बदक हे परसदारी शोभणारे जनावर आहे, त्याला गादीवर बसवण्याचा खटाटोप करू नये. इंटरनेटवर मात्र सोफ्यावर बसलेल्या बदकांचे व्हिडिओ आहेत, आणि ती बदके तर सुखी दिसतात. त्यामुळे विचारते की, बदक कायमचे घरात राहू शकते का, त्याला ठरावीक जागी घाण करण्याची सवय लावता येते का, आणि मोठे झाल्यावर त्याचा आवाज शेजाऱ्यांना किती जाणवेल? नुसते हो किंवा नाही असे उत्तर नको आहे. कारण कळले, तर ते मुलीला सांगता येईल.

पोफळबन (गुहागर) | १८ मे, दुपारी २.०५

आमच्या वाडीत अकरा वर्षे बदके आहेत, सध्या चौदा आहेत. मला हा पक्षी अतिशय आवडतो आणि खाली जे लिहितो आहे ते त्या आवडीपोटीच लिहितो आहे, हे आधी सांगून ठेवतो.

सवय लावण्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: लागत नाही. कुत्र्या-मांजरांना जागा ठरवून देता येते, कारण त्यांना देहधर्म थोपवून धरता येतो. बदकाला ती सोयच निसर्गाने दिलेली नाही. ते चालताना, खाताना, झोपेत आणि तुमच्या मांडीवर प्रेमाने बसलेले असतानाही दर पंधरा-वीस मिनिटांनी शिटते. ही शीट कोंबडीच्या शिटीसारखी घट्ट नसते, तिच्यात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे ती उचलता येत नाही, पुसावी लागते. दोन बदकांचा दिवसभराचा हिशोब तुम्हीच करा.

तरीही माझ्या मते खरी अडचण शिटीची नाही, पाण्याची आहे, आणि तिच्याविषयी लोक फारसे बोलत नाहीत. बदक कोरडा घास नीट गिळू शकत नाही. खाण्यात चोच घातली की ते पाण्याकडे धावते, पाण्यात चोच घातली की पुन्हा खाण्याकडे येते, आणि या येरझाऱ्यांत अर्धे खाणे पाण्यात आणि अर्धे पाणी जमिनीवर जाते. शिवाय त्याला नुसते पिण्याचे पाणी पुरत नाही. डोळे आणि नाकपुड्या धुण्यासाठी अख्खे डोके बुडेल एवढे खोल पाणी रोज लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांना चिकटा येतो आणि नाकपुड्या बुजतात. पुढे पिसे निगुतीने राखायची तर अंघोळीपुरतेही पाणी लागते. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. बदक अंघोळ करते, मग चोचीने ते तेल सर्वांगाला लावते, आणि या क्रमात खंड पडला की पिसे निस्तेज होऊन ओली राहू लागतात. टबातले वीस लिटर पाणी तासाभरात गढूळ होते. मे महिन्यात रत्नागिरीत नळाला किती वेळ पाणी असते, हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

आमच्याकडे विहिरीजवळ जुनी दगडी डोण आहे. सायंकाळी तिच्यातले गढूळ पाणी आम्ही पोफळींच्या आळ्यांत सोडतो आणि त्यात खत आहे म्हणून आनंदाने सोडतो. तुम्हांला तेच पाणी न्हाणीघराच्या मोरीत ओतायचे आहे. पिसे, कोंडा आणि चिखल यांनी ती मोरी पावसाळ्याआधीच तुंबेल.

आवाजाविषयी एवढेच सांगतो की मादी ओरडते आणि नर ओरडत नाही. तुमची पिल्ले कोणती आहेत ते आज कळणार नाही.

तिसरामजला (अलिबाग) | १८ मे, रात्री ९.४५

या धाग्यावर बदक घरात ठेवून पाहिलेला कदाचित मी एकटाच असेन, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे एक मादी बदक चौदा महिने फ्लॅटमध्ये होते. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंत जी सुखी बदके दिसतात, तशीच आमचीही व्हिडिओत दिसत असे.

बदकांसाठी कापडी लंगोट मिळतात. पट्टे पंखांखालून घेऊन पाठीवर बांधायचे आणि मागच्या पिशवीत बदलता येण्याजोगी घडी घालायची. घडी दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, नाहीतर आतली कातडी लाल होते. रात्री लंगोट काढावाच लागतो, कारण तो सतत बांधलेला राहिला तर पक्ष्याला अंग साफ करता येत नाही. म्हणजे रात्रीसाठी वेगळी, धुता येण्याजोगी जागा हवी. ती आमच्या गॅलरीत होती. पहाटे पाचला तिचा आवाज सुरू होई. आमच्या इमारतीतल्या लोकांनी सहा महिने सोसले आणि मग सभेत विषय काढला. त्यांना मी दोष देत नाही. मादीचा तो आवाज पाणथळ जागेत लांबवरच्या सोबत्यांना ऐकू जावा अशा बेताचा असतो, तो दहा फुटांच्या गॅलरीत कसा मावणार?

पण आम्ही तिला देऊन टाकले ते शेजाऱ्यांमुळे नव्हे. आमच्याकडे सगळीकडे गुळगुळीत फरशी आहे. बदकाचे पाय चिखल, गवत आणि मऊ माती यांच्यासाठी असतात. कठीण फरशीवर सगळा भार तळव्याच्या त्याच त्या भागावर येतो, कातडी फाटते आणि आत जंतुसंसर्ग होतो. तिच्या डाव्या पायाखाली कुरुपासारखी काळी खपली आणि तिच्याभोवती सूज दिसली, तेव्हा ते महिनाभर जुने दुखणे होते आणि आम्हांला ते लंगडेपण ‘तिची चाल’ वाटत होती. मलमपट्टी दीड महिना चालली. त्यानंतर आम्ही खोल्यांत रबरी चटया आणि जुनी सतरंजी अंथरली, ती रोज धुण्याची पाळी आली, आणि त्या पावसात आमच्या घरातली एकही वस्तू पूर्ण सुकली नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना मला अजूनही बरे वाटत नाही. ती एकटी होती. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लू जे पहिले हलते-चालते पाहते त्यालाच आई मानते. कॉनराड लॉरेन्झ यांनी हंसांच्या जातीच्या पक्ष्यांवर हे दाखवले, आणि ज्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळाले, त्यातला हा एक भाग. आमच्या घरी ती माझ्यामागे स्वयंपाकघरात, मोरीत, दारापर्यंत येई, आणि सगळ्यांना त्याचे कौतुक वाटे. मी कामावर गेलो की ती दाराशी बसून अखंड ओरडत असे, हे मला शेजारच्या काकूंकडून कित्येक महिन्यांनी समजले. तुमच्याकडे दोन आहेत, हे त्यातल्या त्यात चांगले आहे.

सर्जेकोट | १९ मे, सकाळी ८.१०

मला या चर्चेत जरा अतिशयोक्ती वाटते. मालवणजवळ आमच्या आजोळी बदके घरात येतात आणि जातात, दुपारी पडवीत पोत्यावर निजतात, पावसात तर चुलीच्या बाजूला येऊन बसतात. त्यांना कोणी लंगोट बांधले नाहीत आणि कोणाचे पाय सुजले नाहीत. लोक पिंजऱ्यात पक्षी कोंडतात तेव्हा कोणी एवढे प्रश्न विचारत नाही. माणसाजवळ राहणारे जनावर माणसाच्या घरात राहिले तर बिघडले कुठे?

पोफळबन (गुहागर) | १९ मे, सकाळी ११.३०

सर्जेकोट, तुमच्या आजोळची बदके घरात येतात, घरात राहत नाहीत. आणि तुमचे हे वाक्य मला फार उपयोगी वाटते, कारण ‘घरात’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे दोन प्रकारचा आहे. कोकणातल्या जुन्या घराला अंगण असते, मग पडवी, मग ओटी, आणि त्यानंतर माजघर. बदक पडवीपर्यंत आले तर ते अर्धे बाहेरच असते. पायाखाली शेणाने सारवलेली जमीन असते, ती फरशीपेक्षा मऊ आणि खरखरीत, त्यामुळे पाय घसरत नाही. कंटाळा आला की ते उठून खळ्यात जाते, पाटात डुंबते, गोगलगायी शोधते आणि भूक लागली की परत येते. फ्लॅटला पडवी नसते. तिथे दाराच्या आत माजघर आणि दाराबाहेर जिना.

शिवाय तुमच्या आजीला एकदा विचारून पाहा. आमच्या आईने नव्या सारवणावर बदके आल्याबद्दल आम्हांला ऐकवलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. पडवीच्या कडेला वीतभर उंचीची फळी तेव्हापासून आहे.

सर्जेकोट | १९ मे, दुपारी १२.१५

आजीला फोन केला. फळी आमच्याकडेही आहे, मी ती कुंपणाची समजत होतो.

पशुधन_निवृत्त (कुडाळ) | १९ मे, सायंकाळी ६.४०

पशुवैद्यकीय दवाखान्यात तीस वर्षे नोकरी केलेला माणूस म्हणून आधी आजचे पाहावे असे सुचवतो. पिल्ले कायम कुठे राहणार हा प्रश्न महिन्याभराने सुटला तरी चालेल, खाण्याचा प्रश्न आज सुटला पाहिजे.

ताई, नुसत्या कण्या आणि पाव देत असाल तर ते थांबवा. बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचे ब-गटातले जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त लागते, कारण ते स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करू शकत नाही. ते कमी पडले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गुडघे बाहेर वळतात, पिल्लू बसून राहते, आणि पाय एकदा वाकडे झाले की पुढे औषधाने सरळ होत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य आणून त्यात ब्रूअर्स यीस्टची पूड मिसळावी. मात्र औषध मिसळलेले स्टार्टर घेण्याआधी जवळच्या पशुवैद्यकाला ती पिशवी दाखवावी. हिरवा पाला बारीक चिरून चालेल. खाण्याच्या वेळी पाणी जवळ असलेच पाहिजे, नाहीतर घास घशात अडकतो.

टबात पोहायला सोडण्याची घाई करू नका. आईच्या पंखांखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या पिसांना आईच्या अंगचे तेल लागते. बाजारातून आणलेल्या पिल्लाला ते मिळालेले नसते, म्हणून ते पाण्यात भिजून गारठते. पाच मिनिटे उथळ, कोमट पाण्यात, तुमच्या डोळ्यांदेखत, आणि मग कोरड्या फडक्यात एवढे पुरे. दिव्याची ऊब मात्र या दिवसांत दुपारी देऊ नये. दुसऱ्या आठवड्यात पिल्लांना साधारण तीस अंश सेल्सिअस लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात तेवढे फुकट मिळतात. पिल्ले चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर त्यांना ऊब नव्हे, वारा हवा आहे.

आता पावसाळ्याविषयी, कारण कोकणात मी सर्वांत जास्त बदके याच कारणाने मेलेली पाहिली. पेंड, कोंडा किंवा मका दमट हवेत आठ दिवस राहिला की त्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. आणि पाळीव पक्ष्यांमध्ये त्याला सर्वांत लवकर बळी पडते ते बदकाचे पिल्लू; इतके की पुढे खाद्यात हे विष आहे की नाही हे तपासण्यासाठी एक दिवसाची बदकपिल्लेच वापरली जात. जूनपासून खाद्य आठ दिवसांपुरतेच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि कुबट वास आला तर उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची काटकसर करू नका, कारण वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, विष जात नाही. सांडलेल्या खाद्यावर उंदीर येतात आणि आपल्या जिल्ह्यांत उंदरांबरोबर पावसात लेप्टोस्पायरोसिस येतो, हे वेगळे सांगायला नको.

मुलीला दोन सवयी लावाव्यात. पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि पिल्लांचा मुका घ्यायचा नाही. दिसायला निरोगी असलेल्या बदकाच्या शिटीतही साल्मोनेला असू शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तो कोंबड्यांमध्ये. पण बदकाची गोष्ट अशी की ते हा विषाणू अंगावर बाळगूनही पुष्कळदा आजारी दिसत नाही. म्हणून जिल्ह्यात साथ जाहीर झाली तर घरातल्या दोन बदकांचीही माहिती दवाखान्याला द्यावी, लपवू नये.

शेवटी एक बारीकशी गोष्ट, पण तुम्ही समुद्रकाठच्या आहात म्हणून सांगतो. बदक चमकणारी कोणतीही वस्तू गिळते. स्क्रू, नाणी, आणि विशेषतः जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या. एका कोळीबांधवाच्या अंगणातली तीन बदके मान टाकून पडली होती, ती त्या गोळ्यांमुळे. पोटातल्या दगडांबरोबर शिसे झिजत राहते आणि विष रक्तात उतरते. गॅलरीत खेळण्यांच्या बॅटऱ्या, टाचण्या, खिळे काही राहणार नाही असे पाहा.

मांडवीकाठ | २० मे, सकाळी ९.५०

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही कण्याच देत होतो. काल स्टार्टर आणि यीस्ट आणले, आणि पिल्लांच्या पायांकडे मी रात्री बॅटरी घेऊन तीनदा पाहिले. अजून सरळ आहेत.

घरात ठेवणे शक्य नाही हे मला पटू लागले आहे. यजमान म्हणतात, मोठी झाली की एखाद्या धरणावर किंवा तळ्यावर सोडून देऊ, तिथे इतर बदके असतातच. हे योग्य होईल का?

हळदीकुंकू (चिपळूण) | २० मे, दुपारी ३.२५

कृपया असे करू नये. मी गेली काही वर्षे हौसेने पक्षी पाहतो, आणि तळ्यावर सोडलेली पांढरी पाळीव बदके आठवडाभरात कुत्र्यांनी फाडलेली दोनदा पाहिली आहेत. माणसाने शतकानुशतके वजनासाठी आणि अंड्यांसाठी निवडत आणलेल्या या पक्ष्याला उडून जीव वाचवता येत नाही. धोका म्हणजे काय हे दाखवायला त्याला आई नव्हती, आणि हिवाळ्यात पाहुणे म्हणून येणाऱ्या बदकांबरोबर ते निघूनही जाऊ शकत नाही. बाजारातली बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड या जातीच्या रानबदकापासून उत्पन्न झालेली आहेत. आपल्या तळ्यांवर बारा महिने राहणारे हळदी-कुंकू बदक त्यांच्या जवळच्या नात्यातले आहे, त्यामुळे संकर होण्याचा धोकाही आहे, आणि कोंबड्या-बदकांचे आजार रानपक्ष्यांत जाण्याचाही.

हळदी-कुंकू हे माझे इथले नाव त्याच पक्ष्यावरून घेतले आहे. त्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका असतो, इतके नेमके नाव मराठीत दुसऱ्या पक्ष्याला क्वचितच मिळाले असेल. धागा वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहितो: पावसाळ्यात भाताच्या खाचरांत किंवा तळ्याकाठी हळदी-कुंकू किंवा अडई या रानबदकांची पिल्ले एकटी दिसली तर ‘अनाथ आहेत’ असे समजून घरी आणू नका. आई बहुधा तुमच्या जाण्याची वाट पाहत जवळच दडलेली असते, आणि रानबदके पकडणे व बाळगणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पाळीव बदकाला हा कायदा लागू नाही. पण त्याला उघड्यावर टाकून देणे ही क्रूरताच आहे.

मुलीला दाखवण्यासारखी एक गंमत सांगतो. बदके रांगेत निजली की कडेचे बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवते, आणि त्या वेळी त्याचा अर्धाच मेंदू झोपलेला असतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅलार्डवरच्या प्रयोगात हे मोजून दाखवले आहे. दोनच बदके असली की दोघेही कडेचेच.

मांडवीकाठ | १४ जून, रात्री ८.३०

पाऊस आठवड्यापूर्वी सुरू झाला आणि आमचा निर्णय त्यानेच केला. गॅलरीत दोन्ही बाजूंनी झड येते, म्हणून पिल्लांना आत घ्यावे लागले, आणि चार दिवसांत सगळ्या घराला ओल्या पिसांचा आणि कोंड्याचा वास येऊ लागला. पिल्ले मात्र त्या पावसासाठी वेडी झाली होती. गॅलरीच्या दाराला चोची लावून दोघी उभ्या राहत, बाहेर पाणी पडताना पाहत, आणि आम्ही दार उघडत नव्हतो. मुलगी दोन दिवस ते पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले की आपण त्यांना आत्याकडे का ठेवत नाही.

माझ्या नणंदेची पावसजवळ नारळ-पोफळीची वाडी आहे, पाट आहे, विहीर आहे. त्या तयार आहेत. तिथे आफ्रिकन गोगलगायींनी पोफळीची रोपे खाल्ली आहेत, त्यामुळे त्यांना बदके हवीच होती असे त्या म्हणतात; आम्हांला बरे वाटावे म्हणून म्हणत असतील तरी हरकत नाही. रविवारी नेणार आहोत. कोणत्या गोष्टींची काळजी घ्यावी?

पोफळबन (गुहागर) | १४ जून, रात्री १०.००

सर्वांत आधी विहीर. कठडा बुटका असेल किंवा विहीर जमिनीच्या पातळीला असेल तर जाळी टाकल्याशिवाय बदके सोडू नका. पाणी दिसले की ती उतरतात; विहिरीत पोहता येते, पण सरळ भिंतीवरून वर येता येत नाही.

पहिले पाच-सहा दिवस त्यांना खुराड्यात आणि त्यापुढच्या बंदिस्त जागेतच ठेवा, तिथेच खाणे द्या, म्हणजे सायंकाळी कुठे परतायचे ते त्यांना कळेल. खुराडे जांभ्याच्या चिऱ्यावर उचललेले असावे, आत भाताचा पेंढा किंवा तूस जाड अंथरावे आणि ओले झाले की वरून नवे टाकत जावे. कोंबडीसारखी दांडी नको, बदक जमिनीवर निजते. जाळीची भोके एवढी बारीक हवीत की मुंगसाचे डोके शिरू नये. मुंगूस दिवसा येते आणि उदमांजर रात्री, त्यामुळे कडी बाहेरून आणि घट्ट. माझी पहिली सहा बदके एका रात्रीत गेली, कारण मी कडीऐवजी सुतळी बांधली होती.

गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकलेल्या असतील तर त्या आधी वेचून काढायला सांगा.

मांडवीकाठ | ६ जुलै, दुपारी १.१५

जाई-जुई वाडीत रुळल्या आहेत, विहिरीवर जाळी बसवली आहे, आणि आम्ही दर रविवारी जातो. परंतु एक नवी काळजी आहे. चार-पाच दिवसांपासून जुईचा आवाज बसला आहे. जाई मोठ्याने ओरडते, जुईच्या गळ्यातून मात्र घोगरा, दबका फुसफुसाट येतो. खाते-पिते व्यवस्थित. मुलीचे म्हणणे आहे की पावसात भिजून तिला सर्दी झाली आहे आणि तिला परत घरी आणावे. औषध काय द्यावे?

पशुधन_निवृत्त (कुडाळ) | ६ जुलै, सायंकाळी ७.२०

डोळ्यांतून किंवा नाकातून पाणी येत नसेल, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होत नसेल आणि खाणे चालू असेल, तर औषध देऊ नका, कारण हा आजार नाही. जुई नर आहे. सहा ते नऊ आठवड्यांच्या सुमारास मादीचा आवाज मोठा होतो आणि नराचा असा घोगरा होऊन तसाच आयुष्यभर राहतो. पोफळबन यांनी पहिल्याच दिवशी जे म्हटले होते त्याचे उत्तर आता मिळाले. खात्री हवी असेल तर आणखी दोन-तीन महिने थांबा. नराच्या शेपटीवर वर वळलेले एखाद-दुसरे पीस येते, मादीला ते येत नाही.

यातून एक काम मात्र वाढते. एक नर आणि एकच मादी ही जोडी माणसाला सोयीची वाटते, परंतु वयात आल्यावर नर त्या एकट्या मादीला सतत छळतो, तिच्या मानेची पिसे उपटली जातात, जखमा होतात. एका नरामागे किमान चार-पाच माद्या असाव्यात. नणंदबाईंना आत्ताच कल्पना द्या.

तिसरामजला (अलिबाग) | ६ जुलै, रात्री ९.००

आणि हे सारे फ्लॅटमध्ये घडले असते, तर आज तुम्हांला चार बाय नऊच्या गॅलरीसाठी आणखी चार माद्या शोधाव्या लागल्या असत्या.

मांडवीकाठ | २४ सप्टेंबर, सकाळी ११.१०

गणपतीसाठी आठ दिवस वाडीवरच होतो, म्हणून लिहायला उशीर झाला. जुईच्या शेपटीवर दोन पिसे वर वळली आहेत. मुलीला तिचे, म्हणजे त्याचे, नाव बदलायचे का असे विचारले, तेव्हा ती म्हणाली की त्याला ते नाव ऐकू येते, मग बदलायचे कशाला.

नणंदेने खाकी कॅम्पबेल जातीच्या चार माद्या आणल्या असून त्या साधारण जाईच्याच वयाच्या आहेत. पहिले दोन दिवस भांडणे झाली, आता सगळ्या एकाच खुराड्यात निजतात. आरतीच्या वेळी झांजा वाजल्या की सहाही बदके पडवीच्या फळीपाशी येऊन उभी राहत. फळी आम्ही नव्याने लावली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी जागा दाखवून दिली होती. गोगलगायी कमी झाल्या आहेत, पण आळूचे वाफेही गेले, आणि त्याबद्दल नणंदेने अजून काही म्हटलेले नाही.

आता प्रश्न अंड्यांचा. खाकी कॅम्पबेल साडेपाच-सहा महिन्यांच्या सुमारास अंडी घालू लागते असे कळले. अंडी घालण्यासाठी वेगळे खोके ठेवावे की पेंढ्यातच घालतील, आणि सकाळी खुराडे किती वाजता उघडावे?

पोफळबन (गुहागर) | २४ सप्टेंबर, दुपारी १२.३०

कोपऱ्यात तीन बाजूंनी चिरे लावून मध्ये पेंढा टाका, खोक्याची गरज नाही. बहुतेक अंडी पहाटे घातली जातात, म्हणून खुराडे साडेआठच्या आधी उघडू नका. आधी उघडलेत तर अंडी पाटात, केळीच्या बुंध्यात आणि गवतात शोधत फिरावे लागेल. आळूला कुंपण घाला.